पीसी गेम्स कोठून घेता, आणि घेतलेले तुमच्याजवळ किती टिकले?

पाऊलखूण
नवा संगणक लावताना जुन्या गेम्सच्या डिस्कचा खोका वर आला. नव्या यंत्रात डिस्क घालण्याची सोयच नाही. पण एका डबीच्या आत चिकटवलेली सीडी-कीची, म्हणजे गेम बसवताना टाकायच्या सांकेतिक क्रमांकाची पट्टी अजूनही स्पष्ट वाचता येत होती, आणि ती पाहून 'हाफ-लाइफ २'चे दिवस आठवले. आज गेम्सचे ऑनलाइन दुकान असलेले स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले तेव्हा ते प्रामुख्याने वाल्व या 'हाफ-लाइफ २' बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या गेम्सना अपडेट पोहोचवण्याचे साधन होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात आलेल्या या गेमने मात्र डिस्क हातात असूनही स्टीमवर खाते उघडणे सक्तीचे केले, आणि त्यावर तेव्हा बरीच नाराजी व्यक्त झाली होती.

आज माझे बहुतेक गेम्स तिथेच आहेत. २०१५ पासून, खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, त्यामुळे अनोळखी गेम घेताना मन कचरत नाही. मध्यंतरी हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा एका लांबलचक गेममधील सगळी प्रगती क्लाउडवरून जशीच्या तशी परत मिळाली. तुम्ही कोणती सेवा वापरता आणि अडचणीच्या वेळी तिने कशी साथ दिली, ते जरूर लिहा.

अनुस्वार
माझे उत्तर जीओजी. २००८ मध्ये जुने गेम्स नव्या संगणकांवर चालतील अशा रूपात विकण्यासाठी ही सेवा सुरू झाली. तिथून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून ठेवला की पुढे तो बसवायला ना खाते लागते, ना इंटरनेट. मोठ्या गेमचा इन्स्टॉलर अनेक तुकड्यांत येतो आणि ते सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये असावे लागतात, एवढे पथ्य पाळावे. डॉस या विंडोजपूर्व प्रणालीच्या काळातील गेमसोबत, तो नव्या संगणकावर चालवणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम आधीच जुळवून दिलेला असतो, त्यामुळे ध्वनी किंवा वेग यांच्या जुळणीत संध्याकाळ वाया जात नाही. नवे मोठे गेम्स तिथे उशिरा येतात आणि काही येतच नाहीत, ही उणीव मान्य आहे. तरीही जो गेम दहा वर्षांनी पुन्हा खेळावासा वाटेल असा भरवसा असतो, तो मी तिथूनच घेते.

तिसरी घंटा
एका दुकानातून घेतलेला गेम सुरू केला की प्रकाशकाचा दुसराच लाँचर, म्हणजे गेम चालू करून देणारा प्रोग्राम, उघडतो आणि वेगळे खाते मागतो, याचा मला अतिशय मनस्ताप झाला आहे. त्या खात्याला जोडलेला ईमेल पत्ता बंद झाला होता, पडताळणीचा कोड तिकडेच जात होता, आणि ग्राहक सेवेकडून प्रत्येक वेळी तोच ठरावीक मजकूर येत होता. पैसे एकाला दिले आणि कुलूप दुसऱ्याच्या हाती राहिले. आता खरेदीपूर्वी मी गेमच्या पानावर 'तृतीय पक्षाचे खाते आवश्यक' अशी सूचना आहे का, ते आधी पाहतो.

काजवा
एपिकचा उल्लेख कोणीच केला नाही. डिसेंबर २०१८ पासून ते दुकान चालू आहे आणि दर आठवड्याला तिथे काही ना काही मोफत मिळते. खरेदीची टोपली मात्र त्यांनी २०२१ च्या अखेरीस दिली.

रानपाखरू
मी लहान गेम्स बनवते, म्हणून दुसरी बाजू मांडते. स्टीम विक्रीतील ३० टक्के वाटा घेते, तर एपिकने १२ टक्क्यांपासून सुरुवात केली. स्टीमने २०१८ मध्ये एक कोटी डॉलरपुढील विक्रीसाठी हा वाटा २५ टक्के आणि पाच कोटींपुढे २० टक्के केला. पण ज्यांना सवलतीची खरी गरज आहे, त्यांची विक्री त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. असे असूनही मी स्टीम सोडू शकत नाही, कारण विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेम्सच्या यादीत, गेम ठेवलेल्या प्रत्येकाला तो प्रकाशित झाल्याचा ईमेल जातो आणि माझी निम्म्याहून अधिक विक्री त्यातूनच होते. इच.आयओ या छोट्या गेम्सच्या दुकानात दुकानाचा वाटा किती असावा हे विक्रेत्याने ठरवायचे असते, हे मला फार आपलेसे वाटते. पण तिथे ग्राहक मला स्वतः आणावा लागतो.

अनुस्वार
@रानपाखरू, आपल्यासारख्यांचा गेम दोन्हीकडे उपलब्ध असेल तर कोठून घेतलेला आपल्याला बरा?

रानपाखरू
प्रकाशनाच्या आठवड्यात स्टीमवरून, कारण किमान दहा अभिप्राय आल्याशिवाय पानावर एकूण मत दिसत नाही आणि त्याविना नवखा ग्राहक थांबत नाही. त्यानंतर कोठूनही घ्या.

चौथी मिती
टिकण्याचा प्रश्न आहे म्हणून लिहितो. यूबीसॉफ्टच्या 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि डिस्क घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला, कारण एकट्याने खेळतानाही त्याला सर्व्हर लागत असे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल विक्रेत्यांना, ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले आहे. माझ्या मते तेवढे पुरेसे नाही. सेवा बंद करताना गेम ऑफलाइन चालेल असा शेवटचा अपडेट देणे ही प्रकाशकाची जबाबदारी असली पाहिजे.

सांजवात
आमच्या घरी प्रश्न वेगळाच होता. स्टीमच्या जुन्या व्यवस्थेत मी कोणताही गेम सुरू केला की माझ्या लायब्ररीतून, म्हणजे मी घेतलेल्या गेम्सच्या संग्रहातून, खेळणाऱ्या मुलीला बाहेर पडावे लागे, आणि ती नेमकी शेवटच्या टप्प्यावर असे. २०२४ मध्ये आलेल्या स्टीम फॅमिलीजमुळे एकाच लायब्ररीतील वेगवेगळे गेम्स आम्ही एकाच वेळी खेळू शकतो. तोच गेम दोघींना एकदम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. सामायिक गेममध्ये घरातील कोणी लबाडी केली तर बंदी मूळ मालकावरही येऊ शकते, हे मुलांना आधीच समजावून सांगा.

@अनुस्वार, इन्स्टॉलर जपून ठेवला तर खेळलेली प्रगतीही त्यातच राहते का?

अनुस्वार
नाही, सांजवात. सेव्ह फाइल्स वेगळ्या असतात आणि बहुधा डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा अ‍ॅपडेटा या फोल्डरमध्ये सापडतात. काही जुने गेम्स त्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी त्या स्वतंत्रपणे कॉपी करा. तुमच्या मुलीचा गेम कोणता ते कळवलेत, तर नेमकी जागा शोधून देते.