ड वर्गाची वाचनालयं बंद करा म्हणे!

(सोलापूरकरांच्या एका धाग्यावरचा वाद; बोलणारा त्याच्या भागाच्या नावाने.)

जुळे सोलापूर: एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने एनईएच, म्हणजे त्यांचा मानव्यविद्यांचा सरकारी निधी, बंद करून टाकला. आभाळ कोसळलं का? आपल्याकडेही गल्लीबोळातल्या ड वर्ग, म्हणजे सरकारी मान्यतेच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयांचं अनुदान थांबवा. कुलूप निघतं ते तपासणीच्या दिवशी. ज्याला वाचायचंय तो वर्गणी भरेल, बाकीच्यांना फोनवर सगळं फुकट आहे.

टिळक चौक: आधी अमेरिकेचं नीट करून घेऊ. एनईएच बंद झालेली नाही. १९६५ सालची संस्था आहे, ती अजून आहे. झालं असं की मंजूर होऊन करार झालेली चौदाशेच्या आसपास अनुदानं मधेच रद्द केली आणि राज्यांच्या व प्रदेशांच्या ५६ मानव्य परिषदांचा चालू खर्चाचा पैसा एका पत्राने थांबला. त्या अख्ख्या संस्थेचं वार्षिक बजेट २० कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे माणशी एक डॉलरसुद्धा पडत नव्हता. इमारती आहेत तिथेच उभ्या आहेत. गेला तो पगार. छोट्या गावातल्या ग्रंथालयात व्याख्यान ठरवणारा, वक्त्याच्या तिकिटापासून खुर्च्यांपर्यंत बघणारा माणूस गेला. मेलन फाउंडेशन या खासगी संस्थेने त्या परिषदांना दीड कोटी डॉलर दिले म्हणून टाळ्या वाजल्या. ५६ ने भागा, सरासरी पावणेतीन लाखांच्या आतच येतं, आणि तेही एकदाच. देणगीदाराला कोनशिला हवी असते, ती वीजबिलावर कुठे लावणार?

आता तुमचा ड वर्ग. नोव्हेंबर २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, ३० हजारांचे ४८ हजार झाले. वर्षाला, महिन्याला नव्हे. त्यातले निम्मे वेतनाला, म्हणजे महिना २ हजार. उरलेल्या २४ हजारांत चार दैनिकं ५ रुपयांनी धरली तरी ७,२००. पुस्तकांना १२ हजार ठेवा. राहिले ४,८००. महिना चारशे रुपयांत भाडं, वीज, बांधणी आणि ऑडिटरची फी बसवून दाखवा. शिवाय खर्च आधी करायचा, अनुदान मागून, तेही दोन हप्त्यांत. मान्य खर्चाच्या ९० टक्के मिळतात, १० टक्के संस्थेने स्वतः उभे करायचे. कुलूप का निघत नाही ते २ हजारांत काम करणाऱ्या माणसाला विचारा, तो दुसरीकडे हजेरीवर असतो.

सात रस्ता: हिशेब छान मांडलात. पण त्या १२ हजारांच्या पुस्तकांचं काय होतं, ते सोयीने गाळलंत. विक्रेता ६० टक्के सूट देतो, बिल मात्र छापील किमतीचं. १२ हजारांचं बिल, हातात दिले ४,८००, मधले ७,२०० कुठे गेले ते दप्तरात सापडत नाही. पुस्तक कसलं, तर ९६ पानं, टाइप एवढा मोठा की आजोबांनी चष्म्याविना वाचावं, किंमत २०० रुपये. खास अनुदानासाठी छापलेला माल.

भवानी पेठ: म्हणजे सगळेच चोर? एकाने बिल फुगवलं म्हणून सगळ्यांचा पाणीपुरवठा तोडायचा?

सात रस्ता: सगळे म्हणालो नाही. ओळखायची खूण सांगतो. दाखल नोंदवही उघडा. लागोपाठच्या पाच दाखल क्रमांकांवर एकच पुस्तक असेल तर समजा. मग पुस्तक काढून शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघा, कोरी. शिक्का शीर्षकपानावर आहे पण आतल्या ठरलेल्या पानावर नाही, म्हणजे घाईत मारलेला. प्रामाणिकपणे घेतलं तर २५० ची पुस्तकं २० टक्के सुटीने २०० ला पडतात, १२ हजारांत ६०. आणि त्या साठांत साठ वेगळी नावं असतात.

विजापूर वेस: आणि ती साठही टिकत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. गोंदाने चिकटवलेली पाठ तडकते, तिसऱ्या वाचकाच्या हातात पानं सुटी. शिवून कापडी बांधणी करावी तर बांधणीचा खर्च त्याच चारशे रुपयांतून. वर कसर लागते ती वेगळीच. पुस्तक घेताना शिवण बघा, मुखपृष्ठ नंतर.

कन्ना चौक: पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, पण वाचनालयाच्या कपाटात तेलुगू किती? पुस्तकं हैदराबादहून आणायची तर ट्रान्सपोर्टचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? उर्दू, कन्नडचीही तीच कथा. चार हुतात्म्यांच्या नावाने शहर ओळखलं जातं, त्यांत धनशेट्टी आहेत आणि कुर्बान हुसेनही. कपाटात मात्र एकच भाषा. आधी हे बोला, मग अमेरिका.

भवानी पेठ: बरोबर आहे तुमचं, पण हा धागा अनुदान ठेवायचं की नाही याचा आहे.

कन्ना चौक: तेच तर! आमच्यापर्यंत जे पोचतच नाही ते ठेवा म्हणून आम्ही का ओरडायचं?

जुळे सोलापूर: बघा, माझंच म्हणणं सिद्ध करताय सगळे. माल बोगस, भाषा चुकीची, कुलूप बंद. २०१२ ला महसूल खात्याने वाचनालयांची पडताळणी केली ती उगाच नव्हती.

टिळक चौक: मालक, पडताळणीनंतर शिक्षा कुणाला झाली? नवी मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षं अडकली. ड मधून क मध्ये जायला पुस्तकं आणि सभासद जमवून बसलेले लोकही त्यात अडकले. क ला गेले असते तर २०२२ च्या वाढीनंतर १ लाख ५३ हजार ६०० मिळाले असते. चोराने खिसा कापला म्हणून रांगेतल्या सगळ्यांची तिकिटं फाडली. तुम्ही तेच पुन्हा सुचवताय, वर अमेरिकेचा शिक्का मारून.

विजापूर वेस: मुळात सरकारच्या मर्जीवर राहूच नका. विजापूरला जाऊन या, शंभर किलोमीटर. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने घरपट्टीवर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे. आमच्या १९६७ च्या कायद्यात उपकरच नाही, सगळं अर्थसंकल्पातून. १९४५ ला ग्रंथालय कायदा करणारं कोल्हापूर आपलं, आणि शिकायला जायचं शेजाऱ्याकडे.

भवानी पेठ: काय बे, अर्धंच का सांगायलायस? तो उपकर पालिका गोळा करते आणि ग्रंथालय खात्याला देताना बसून राहते. थकबाकीची भांडणं किती झाली तिकडे. गोळा करणारा आणि खर्चणारा वेगळा असला की पैसा मधे मुरतो. उपकर लावायचा तर स्वतंत्र खातं आणि भरणा झाल्याबरोबर पैसे ग्रंथालय खात्याकडे वर्ग, नाहीतर घरपट्टी वाढेल आणि वाचनालय तिथेच.

विजापूर वेस: थकबाकी मागता तरी येते बे. बजेटमधून कापलेलं कुणाकडे मागणार?

भवानी पेठ: ...हे बरोबर बोललास. रोज बोलत नाहीस.

सात रस्ता: पैसा नाही असंही नाही. साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान ५० लाखांवरून २ कोटी झालं. ४८ हजारांनी भागा, ४१६ वाचनालयांचं वर्ष निघतं. तीन दिवसांचा मांडव.

टिळक चौक: संमेलनावर घसरू नका. ७९ वं इथेच झालं २००६ ला, मारुती चितमपल्ली अध्यक्ष, आपल्याच गावचे. मांडवात विकत घेतलेली पुस्तकं पुढे वर्षभर कुणी फिरवायची? वाचनालयानेच ना? एकाचं काढून दुसऱ्याला, हा हिशेब वरच्यांना फार आवडतो. मग ते दोघांचंही काढतात.

सात रस्ता: ठीक. संमेलन सोडलं. बिलं सोडणार नाही.

जुळे सोलापूर: बरं बाबांनो, अनुदान ठेवा. पण खरं-खोटं कळणार कसं? देवघेव नोंदवही तर सगळ्यांचीच भरलेली असते.

सात रस्ता: जानेवारीचं पान उघडा. खोटी वही एका बैठकीत लिहितात, त्यामुळे शाई एक, अक्षर एक, रोजचा आकडा ४० च्या आसपास. सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी सुद्धा ४२ वाचक! अख्खं सोलापूर संमती कट्ट्यावर असताना हे ४२ जण कुठले? खऱ्या वहीत गड्डा, म्हणजे ही यात्रा, भरला की आकडा कोसळतो, आणि यात्रा उलगडली की परतीच्या पुस्तकांची गर्दी दिसते.

जुळे सोलापूर: उद्याच जातो आमच्या गल्लीतल्या वाचनालयात. अक्षतेचं पान दाखवा म्हणतो.

टिळक चौक: जा. संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा तो माणूस हजेरीवर असतो.