तरव्यातली उंच रोपं आणि जिबरेलिन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात भाताच्या तरव्यात (रोपवाटिकेत) मधूनच दिसणारी उंच रोपं युरिया जास्त झाल्यामुळे होतात, असं काहीजण म्हणतात. ते पटत नाही. युरियाने वाफा सरसकट गर्द हिरवा होतो. इथे मात्र मोजकीच रोपं फिकट पिवळी, बारीक आणि शेजारच्यांपेक्षा उंच दिसतात, खालच्या पेरांना मुळं फुटतात आणि पुढे बरीचशी मरतात. हा फ्युजेरियम बुरशीचा रोग, जपानी नाव बाकानाए, म्हणजे वेडं रोप. बुरशी नुसत्या द्रवात वाढवून, ती गाळून काढल्यावर उरलेल्या पाण्यानेही रोपं लांब होतात, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. 1935 मध्ये तिथल्याच याबुता यांनी त्या पाण्यातल्या, रोपं लांब करणाऱ्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. अथणीकडे द्राक्षावर मारतात ते जीए (जिबरेलिक ॲसिड) हेच, आणि आजही ते याच बुरशीला टाकीत आंबवून काढतात. नत्र संपत आलं की बुरशी जिबरेलिन जास्त बनवते, म्हणून टाकीत नत्र मुद्दाम मोजकंच देतात.

अशी रोपं लावणीत घेऊ नका, उपटून जाळा. रोग बियाण्यातून येतो. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून तरंगणारं भात काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा, मग किलोला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळा. द्राक्षवाल्यांसाठी एक: जीए पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. 100 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम (दहा लाखात 10 भाग). पाणी अल्कधर्मी असेल तर जीए विघटित होतं.