मदत हवी आहे: मंडळीची सेवा आणि घरात दोन लहान मुलं, कसं जमवता?

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथं बरीच वर्षं नुसता वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी पाळक आहे, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. साधारण सव्वाशे घरं, त्यातली चाळीसेक आजूबाजूच्या वाड्यांवर विखुरलेली. वय 35. बायको स्टाफ नर्स, तिन्ही शिफ्टची ड्युटी. मोठी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे, धाकटा अडीचचा. आई-वडील गावी असतात, त्यांना इथं करमत नाही आणि खरं सांगायचं तर मंडळीनं राहायला दिलेल्या बंगल्यातली वर्दळ बघून आईला दोन दिवसांत धाप लागते.

वर्दळ म्हणजे काय तर सकाळी सहाला दारात कोणीतरी उभं. बाप्तिस्म्याचा दाखला आजच शाळेत द्यायचाय, सुनेचं आणि सासूचं वाजलंय जरा येऊन सांगा, दवाखान्यात ॲडमिट केलंय प्रार्थनेला या. मयत असलं तर सगळं बाजूला, ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना, शनिवारी उपदेशाची तयारी, रविवारी दोन उपासना, डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची फेरी रात्री एक-दीडपर्यंत, आणि ती संपते न संपते तोवर 31 डिसेंबरच्या रात्रीची वॉचनाईट उपासना. मुलांना नाताळची सुट्टी असते तेव्हाच मी घरात सगळ्यात कमी असतो.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात एका रविवारी बायकोची मॉर्निंग होती, म्हणून धाकट्याला संडेस्कूलच्या टीचरजवळ बसवलं होतं. उपासनेच्या शेवटी मी दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्यायला लागलो आणि हा पठ्ठ्या टीचरच्या हातातून निसटून थेट माझ्यासमोर येऊन उभा, आणि त्यानंही दोन्ही हात वर केले. त्याच्या हिशोबानं हात वर म्हणजे उचलून घे. आता काय करणार, घेतला कडेवर आणि उरलेला आशीर्वाद एका हातानं दिला. मंडळी हसली, म्हाताऱ्या बायकांनी तर नंतर त्याच्या गालावरून हात फिरवले.

पण त्या आठवड्यात सेशनची, म्हणजे पाळक आणि एल्डर मिळून मंडळीचा कारभार बघतात त्या समितीची, मीटिंग झाली आणि एका वडिलांनी विषय काढला. म्हणजे एल्डर बरं का, माझे वडील नाहीत. आशीर्वाद एका हातानं देणं शोभत नाही म्हणे. वर बायबलमधलं पहिलं तीमथ्य, अध्याय तीन वाचून दाखवलं, ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार. मी मॉडरेटरच्या, म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीत, बोलणार काय? घरासाठी वेळ मागितला की सेवेची तळमळ नाही, आणि नाही मागितला की तीमथ्य.

दुसरी गोष्ट त्याहून लागली. मुलीला एकदा वाडीवर घरभेटीला सोबत नेलं. तिथल्या पोराचे मी पाढे घेतले, त्याच्याशी जमिनीवर बसून बोललो, प्रार्थना केली, चहा झाला. परत येताना गाडीवर मागून विचारते, बाबा आपल्या घरी घरभेट कधी असते?

हे सगळं डोक्यात असताना परवा निर्गमच्या 18व्या अध्यायावर उपदेश तयार करत होतो. सासरा इथ्रो मोशेला सांगतो की एकट्यानं सगळ्यांचे न्याय करत बसलास तर झिजून जाशील, माणसं नेम. आम्ही पाळक लोक हे वडील नेमायच्या वेळी हमखास वाचतो. पण तो अध्याय सुरू कुठनं होतो बघा. मोशेनं बायको आणि दोन्ही मुलं सासऱ्याकडं पाठवून दिलेली असतात आणि सासरा त्यांना घेऊन येतो! म्हणजे कामं वाटून दे म्हणणारा माणूस मोशेची बायकापोरं सोबत घेऊन आलाय. इतक्या वेळा वाचलं पण हे नजरेतून सुटलंच होतं.

तर विचारायचंय असं की आठवड्यातला एक दिवस, सोमवार म्हणू, आणि रोज संध्याकाळचा एखादा तास मुलांसाठी हवाय हे सेशनला सांगायचं कसं, म्हणजे शिरजोर झाला असं वाटू नये. बायकोनं महिला मंडळ आणि संडेस्कूल दोन्ही बघावं अशीही अपेक्षा आहे, नाईट करून आलेल्या बाईनं. कोणी पाळकाच्या घरात वाढलंय का? कोणी एल्डर आहे का इथं? मोकळेपणानं सांगा.

बंगल्यातली पोर

मी पाळकाची मुलगी, आता पंचेचाळीशीत, पुण्यात असते. तुमचा धागा वाचून पोटात कालवलं. वडील घरी नसायचे याचं मला फारसं काही वाटलं नाही, सवय असते. मला राग होता तो उपदेशाचा. चौथीत गणितात नापास झाले, ते त्यांनी कृपेवरच्या उपदेशात सांगितलं, नाव न घेता, पण पाळकांना मुलगी एकच होती ना! पुढं कितीतरी रविवार सगळे विचारायचे, काय गं, गणित कसं चाललंय. तेव्हा एवढंच सांगेन, मुलांचे किस्से पुलपिटावर नेताना आधी त्यांना विचारा. अडीच वर्षाच्याला काय विचारणार म्हणा, पण मुलगी सहाची आहे, तिला कळतं. त्या घरभेटीच्या प्रश्नाचा उदाहरण म्हणून मोह होईल, टाळा.

कट्टा_सातारा

मिसेसना नोकरी सोडायला सांगा की, दोघं बाहेर म्हटल्यावर मुलांचं असंच होणार.

धागाकर्ता

साहेब, घर तिच्या पगारावर चालतं. मंडळी मला जे देते त्यात शाळेची फी आणि गॅस भागतो, तेही वेळेवर आलं तर. शिवाय तिचं काम तिला आवडतं. हा पर्याय नाही. ताई, तुमचं एकदम पटलं, आणि मोह झाला होता हे कबूल करतो.

जुना_एल्डर

पाळकसाहेब, सलाम. मी तीस वर्षं सेशनमध्ये काढली, त्यातली बारा चिटणीस म्हणून, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. चूक तुमची नाही आणि त्या वडिलांचीही पूर्ण नाही. आपल्याकडं पाळकाचा साचा मिशनरी साहेबाचा आहे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 ला कोल्हापुरात आले, नंतर मिशनच्या सगळ्या ठाण्यांवर बंगले झाले, आणि बंगल्याचं दार कायम उघडं ही रीत पडली. पण साहेबांच्या घरात स्वयंपाकी होता, आया होती, आणि मुलं मोठी झाली की बोर्डिंगला. कोडाईकनालची शाळा 1901 मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली, मसुरीचं वुडस्टॉक त्याच्याही आधीचं. त्या मुलांनी काय सोसलं तो वेगळाच विषय. आया गेली, स्वयंपाकी गेला, पण उघडं दार तेवढं तुमच्या गळ्यात राहिलं.

दुसरं, आपली प्रेस्बिटेरियन पद्धत एकट्या पाळकाची नाहीच मुळी. वडिलांना हात ठेवून नेमतो ते काय फक्त ताट फिरवायला? स्कॉटलंडात प्रत्येक एल्डरकडं ठरलेली घरं असायची, प्रभुभोजनाच्या आधी तो घरोघर जाऊन कार्ड देऊन यायचा, त्या निमित्तानं विचारपूस व्हायची. तुमच्याकडं सेशनमध्ये किती जण आहेत?

धागाकर्ता

नऊ. त्यातले दोघे आजारी असतात.

जुना_एल्डर

मग सात धरा. सव्वाशे घरं म्हणजे एकेकाला अठरा. महिन्याला चार-पाच घरं झाली, कोणालाही जमेल. दाखल्यांचं काम चिटणिसाकडं द्या, शनिवारी दहा ते बारा, सही तुम्ही एकदम करा. आणि सोमवारची मागणी तुम्ही स्वतः मांडू नका. ज्या एल्डरचं तुमच्याशी जमतं त्याला मांडू दे, मिनिटबुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि रविवारी सूचना वाचतानाही त्यानंच वाचू दे. पाळकानं स्वतःची सुट्टी जाहीर केली की लोकांना ती सुट्टी वाटते, एल्डरनं वाचली की सेशनचा ठराव होतो.

तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा याच मंडळीत झाला असेल ना? तेव्हा सगळी मंडळी उभी राहून कबूल झाली असणार की या लेकराला वाढवायला आम्ही मदत करू. ते तीमथ्यवाले वडीलही उभे होते. भांडायचं नाही, पण प्रेमानं आठवण करून द्यायला काय हरकत आहे.

न्यूजर्सीकर

इकडं पीसीयूएसएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळकाला बोलावतानाच अटी लेखी ठरतात, पगार, महिनाभराची सुट्टी, दोन आठवडे अभ्यासरजा, त्यावर मंडळी मतदान करते आणि प्रेसबिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची वरची सभा, मंजुरी देते. अलीकडं त्यात किमान बारा आठवड्यांची पगारी कौटुंबिक रजाही घातली. तरी आमच्या पाळकबाई म्हणतात की कागदावरची रजा घेताना अपराधी वाटतंच. पण निदान मागावी लागत नाही. आणि बायकोचं म्हणाल तर इकडं सरळ विचारतात, तुम्ही बोलावताय एकाला, काम दोघांचं का?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. महिला मंडळाचं ती स्वतःच बोलणार आहे त्यांच्या सेक्रेटरीशी, म्हणाली यात तू पडू नकोस. संडेस्कूल महिन्यातनं एकदा घेईन म्हणते, ते तिला आवडतं.

काका, ठराव मी असा लिहिलाय, बघा जरा: "दर सोमवारी पाळकांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस राहील. त्या दिवशी मंडळीच्या कामासाठी त्या-त्या भागाच्या वडिलांशी संपर्क साधावा." मयताचा अपवाद घालू की नको? घातला तर इथं लोक आजारपणालाही मयतच म्हणतील अशी भीती आहे.

जुना_एल्डर

घाला, नाहीतर मिनिट वाचल्या वाचल्या पहिला प्रश्न तोच येईल. फक्त शब्द "मयत व अंत्यविधी" एवढेच ठेवा, "तातडीचे काम" हा शब्द चुकूनही लिहू नका, त्यात सगळं गाव बसतं. आणि सोमवारी सकाळी जमलं तर मुलांना घेऊन बंगल्याबाहेर पडा. घरात दिसलात तर लोक येणारच.