व्हिक्टोरियन नट नुसते बोंबलायचे? (एका बकलची गोष्ट)

विंगेतला: काल एक पोस्ट फिरत होती: ‘व्हिक्टोरियन रंगभूमीवर अभिनय नव्हताच, छाती बडवणं आणि बोंबलणं होतं. खरा अभिनय स्टानिस्लावस्कीने आणला.’ (व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्लिश रंगभूमी; स्टानिस्लावस्की हा अभिनयाची पद्धत मांडणारा रशियन दिग्दर्शक.) राहवलं नाही म्हणून लिहितोय. २५ नोव्हेंबर १८७१, लंडनचं लायसियम थिएटर, नाटक ‘द बेल्स’. नट हेन्री अर्व्हिंगचा मॅथायस म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी केलेला खून पचवून गावात मान मिळवलेला माणूस. बर्फातून घरी येतो, बूट काढून जोडे चढवतो. बाकीचे त्या जुन्या हिवाळ्याचा विषय काढतात. हा जोड्याचं बकल लावता लावता थबकतो. मेलेल्याच्या घसरगाडीची घुंगरं एकट्या त्यालाच ऐकू येतायत. बोटं बकलवरच. किंकाळी नाही, काही नाही. हे बोंबलणं?

तिसरी_घंटा: बकल दिग्दर्शक-नेपथ्यकार गॉर्डन क्रेगच्या अर्व्हिंगवरच्या पुस्तकातलं ना? क्रेग जन्मला जानेवारी १८७२ मध्ये. म्हणजे नाटक लागलं तेव्हा स्वारी आईच्या पोटात! आणि आई कोण, तर एलेन टेरी, पुढे अर्व्हिंगचीच नायिका. घरचा साक्षीदार. अर्व्हिंग ‘गॉड’चा उच्चार ‘गुड’ करायचा, ते का गाळलंत? नाटककार-समीक्षक बर्नार्ड शॉने ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ साप्ताहिकात त्याला सोलून काढलंय. सहज अभिनय हवा तर १८६७ चं रॉबर्टसनचं ‘कास्ट’ नाटक बघा. ते करणारी बँक्रॉफ्ट मंडळी तेव्हाच स्टेजवर चहा-पाव खात होती. तुमचा अर्व्हिंग त्यांच्याही मागे.

विंगेतला: पहिली रात्र क्रेगने पाहिली नाही, मान्य. पण अर्व्हिंग १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला वारला, त्याच्या आदल्या रात्रीही त्याने ‘बेल्स’च केलं होतं. क्रेगला बघायला अख्खं तारुण्य मिळालं. आणि शॉ निःपक्षपाती? त्याचं ‘मॅन ऑफ डेस्टिनी’ नाटक अर्व्हिंगने लटकवून ठेवलं आणि शेवटी केलंच नाही, ते कोण सांगणार?

पेट्रोमॅक्स: अहो, मुद्दा उजेडाचा आहे. आमच्या गावच्या जत्रेत ऐन तिसऱ्या अंकात वीज गेली. दोन बत्त्यांवर नाटक पुढे रेटलं. मी आपला डोळ्यांतून अभिनय करतोय, तर मागून आवाज, ‘मेला काय रे हा?’ पुढच्या प्रवेशात हात डोक्यापर्यंत नेला तेव्हा कुठे टाळी पडली. गॅसच्या काळात दुसरं काय करणार?

फ्यूज_गेला: काका, गॅसला बत्तीच्या रांगेत बसवू नका. बावीस वर्षं लाइट करतोय. गॅसचा उजेड मिणमिणता नव्हता, मऊ होता. लायसियमच्या फूटलाइट्सना (स्टेजच्या पुढच्या कडेच्या दिव्यांना) मध्यंतरी वीज जोडली, तर टेरीने चेहऱ्यांची कळा बघून अर्व्हिंगला गॅस परत लावायला लावला. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ लाच विजेवर गेलं होतं, तरीही! वर लाइमलाइट: चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत, दिव्यागणिक एक माणूस. प्रेक्षागृहात अंधारही करायचा अर्व्हिंग. बकल दिसायचं, बरं का. आता? एलईडीत नायिका निळी पडते आणि निर्माता म्हणतो, वीज वाचली.

शेवटची_रांग: उजेडाचं राहू द्या. त्या लोकांचा आवाज माइकशिवाय गॅलरीत जायचा. परवा पहिल्या अंकभर नायकाच्या कॉलर माइकमधून शर्टाची खसखस ऐकली. चारशे रुपये दिले होते.

फ्यूज_गेला: माइकचं खापर आमच्यावर नको.

शेवटची_रांग: तुमचं नाव कुणी घेतलं?

तिसरी_घंटा: धागा अभिनयाचा की वायरमनच्या परीक्षेचा?

फ्यूज_गेला: वायरमन नसता तर तुमचं ‘कास्ट’ अंधारात चहा प्यायलं असतं.

विंगेतला: आपसात नको. घंटाबाई, बकलचं काय ते सांगा.

तिसरी_घंटा: बाई नाही, बुवा आहे. बकल घ्या, दिलं. ‘गुड’ मात्र सोडणार नाही. आणि एका बकलवर अख्खं व्हिक्टोरियन युग तरत असेल तर आनंद आहे.

पेट्रोमॅक्स: फ्यूजभाऊ, ती चुन्याची कांडी प्रयोगभर टिकायची का हो?

फ्यूज_गेला: सतत फिरवत राहावी लागायची. एका जागी ज्योत राहिली की खड्डा पडतो आणि उजेड बसतो. म्हणून तर म्हटलं, दिव्यागणिक माणूस.