मदत हवी आहे: 54 वर्षांच्या बाबांकडून राजीनामा लिहून घेतला, आता पीएफ आणि ईएसआयचं काय?

नमस्कार मंडळी,

बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये 22 वर्षं लेथवर होते. ऑर्डरी नाहीत म्हणून मागच्या महिन्यात आठ जणांना काढलं, सगळे पन्नाशीपुढचे. ‘हिशेब लवकर होईल’ असं सांगून प्रत्येकाकडून राजीनाम्यावर सही घेतली. त्या सहीने किती नुकसान झालं ते आता कळतंय.

पूर्वी नोकरी गेल्यावर दोन महिन्यांनी पीएफ पूर्ण काढता यायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विश्वस्त मंडळाने ही मुदत 12 महिने करायचं ठरवलं. 75 टक्के लगेच, उरलेले वर्षाने. तरुण पोरांचं ठीक आहे, त्यांना दुसरीकडे काम मिळतं, खातं पुढे चालू राहतं. बाबांना मात्र गेटवरच वय विचारून परत पाठवतात. कामगारकपात झाली असेल किंवा 55 नंतर निवृत्ती असेल तर पूर्ण रक्कम मिळते. बाबांना 55 पूर्ण व्हायला पाच महिने आहेत, आणि कागदावर कपात नाही, राजीनामा आहे.

ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तेच. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात झालेल्याला पहिलं वर्ष निम्मा पगार आणि दुसरं वर्ष पाव पगार मिळतो. राजीनामा दिलेल्याला नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण ती जास्तीत जास्त 90 दिवस, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला तीही नाही. असा लिहून घेतलेला राजीनामा स्वेच्छानिवृत्तीत धरतात का?

सुपरवायझरचा ‘उद्यापासून येऊ नका’ हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बाबांच्या फोनमध्ये आहे, तारीख राजीनाम्याच्या आदल्या दिवशीची. तेवढ्यावर कामगार आयुक्तांकडे तक्रार टिकेल का? पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण मालकाने अजून भरलेलं नाही. ते चुकीचं भरण्याआधी काही करता येतं का? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, बाकीच्या सात घरांनाही उपयोग होईल.

एक जण म्हणाले, पीएफमधली पेन्शन आत्ताच सुरू करा. पण 58 च्या आधी घेतली तर दर वर्षाला 4 टक्के कमी, तीही कायमची. मला पटत नाही. बाबा मात्र घरखर्चाच्या काळजीने तयार झालेत. अजूनही साडेपाचला उठून दाढी करून बसतात.

आणखी एक अडचण. लेथवर काम करून त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात, आधार पडताळणीच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. काल केंद्रावर चार वेळा पुसून पुसून लावला. चेहऱ्यावरून पडताळणी कुणी करून घेतली आहे का? कशी केली?