कोकणच्या रानवाटांना ४०० सीसीच लागते, हे कुणी ठरवलं?

पाखाडीवाला
काल इथे फोरमवर एका नवख्याने विचारलं होतं, लांजा-राजापूरकडच्या रानवाटांसाठी मोटरसायकल कुठली, हीरोची एक्सपल्स घेऊ की रॉयल एनफिल्डची हिमालयन. पहिलंच उत्तर पडलं: "४०० सीसीच्या खाली ऑफरोड होतच नाही, दोनशेच्या गाड्या कॉलेजला जायला ठीक." त्याखाली होकारांची रांग. हे असंच सोडून दिलं तर तो मुलगा पहिल्याच पावसात पाणंदीत अडकून बसेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाणंद डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे जांभ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची बुटकी भिंत, मध्ये चार-साडेचार फूट जागा, तळाला पाण्याने कापलेला चर आणि त्यातून डोकं वर काढलेले दगड. गाडी आडवी झाली की हँडल एका गडग्याला टेकतं आणि मागचं चाक चरात उतरतं. आता ती उभी करायची, हातभर मागे ओढायची आणि पुन्हा चढाला लावायची, तेही एकट्याने. हिमालयन ४५० ची ४० पीएस ताकद या कामी काडीची उपयोगी नाही. तिथे वजन, सीटची उंची आणि हँडल किती वळतं एवढंच बघायचं.

कावासाकीची केएलएक्स २३० भरल्या टाकीसह १३९ किलो. एक्सपल्स २०० फोर-व्ही १६० च्या आत. एक्सपल्स २१० सुमारे १७०. केटीएम ३९० एंड्युरो आर १७७. हिमालयन ४५० थेट १९६. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत ५७ किलोंचा फरक, म्हणजे सिमेंटची अख्खी गोणी आणि वर सात किलो.

दोनशेची गाडी चढाला मरते ती बहुतेकदा गिअरिंगमुळे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने लहान करा. मागे साधारण तीन दात वाढवल्याइतका फरक पडतो. मग पाखाडीच्या पायऱ्या क्लच न जाळता पहिल्या गिअरमध्ये चढता येतात. हायवेला इंजिन जास्त फिरेल, तेवढं सोसावं लागेल.

निव्वळ रानवाटांसाठी माझा क्रम: केएलएक्स, मग एक्सपल्स २००, मग २१०, मग एंड्युरो आर, आणि हिमालयन सगळ्यात शेवटी. केएलएक्सची सीट ८८० मिमी आहे. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर आधी बसून बघा, मगच पैसे मोजा.

सह्यघाट
कालचं उत्तर माझंच. दादा, पाणंद म्हणजे अख्खं कोकण नव्हे. पुण्याहून निघालेला माणूस आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंतच केएलएक्सवर आंबून जातो. टाकी ७.६ लिटरची, पंप शोधत फिरायचं का? हिमालयनची १७ लिटरची आहे. सामान लादून, मागे माणूस बसवून ती दिवसभर चालते.

आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कुठे गेला तुमच्या हिशेबातून? ४० न्यूटन मीटर आहे. दुसऱ्या गिअरला, कमी आरपीएमवर चढ निघतो, क्लचला हात लावावा लागत नाही. दोनशेच्या गाडीला सतत पिळत राहावं लागतं, आणि ओल्या मातीत पिळलं की मागचं चाक जागेवरच फिरतं. सुट्या खडीवर जड गाडी शांत चालते, हलकी नाचते. वहाळात, म्हणजे ओढ्यातही तेच, प्रवाहाने हलकी गाडी बाजूला सरकते.

पाखाडीवाला
नाचते ती वजनामुळे नाही, टायरमधल्या हवेमुळे. रस्त्यावरची २८-३० पीएसआय तशीच ठेवून खडीवर उतरलात तर कुठलीही गाडी नाचणार. एक्सपल्सला नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचे टायर आणि जाड ट्यूब असेल तर कातळावर १८ ते २० चालते. चिखलात टायर रिमला घट्ट धरणारं रिम लॉक लावून १४-१५ पर्यंत उतरता येतं. हिमालयनला कातळावर १८ ठेवून दाखवा. पहिल्याच धारदार दगडाला रिमला खळगा पडेल, म्हणून तिथे २२-२४ ठेवावी लागते. जेवढी हवा जास्त, तेवढी पकड कमी. म्हणजे इथेही मुद्दा वजनाचाच.

वहाळाचं म्हणाल तर वाहतं पाणी गुडघ्यावर गेलं की १३९ काय आणि १९६ काय, कुठलीच गाडी घालायची नाही. उतरून काठीने तळ बघा. जांभ्यातल्या कोंडी, म्हणजे खोल खड्डे, वरून दिसत नाहीत.

मिस्त्री_आळी
दोघांनी सीसी आणि किलो यावरच इतकं लिहिलं, पण गॅरेजला गाड्या येतात त्या दुसऱ्याच कारणांनी.

एक, ट्यूबचा वॉल्व्ह. रिमवरची गोल नट पान्याने घट्ट आवळून ठेवतात. हवा कमी केली की टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते, वॉल्व्ह मात्र नटने धरून ठेवलेला, म्हणून मुळातून फाटतो. ते पंक्चर निघत नाही, ट्यूबच जाते. ती नट रिमपासून सोडून वर टोपणापर्यंत फिरवून ठेवा. मग टायर सरकला तर वॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळेत कळतं.

दोन, चेन. लांब सस्पेन्शनच्या गाडीला लोक शंभरच्या कम्युटरसारखी ताठ चेन ठेवतात. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणते. मागचा भाग पट्ट्याने खाली ओढून त्या स्थितीत आणा आणि तिथे सेंटीमीटरभर ढिलाई उरते का बघा. उरली नाही तर प्रत्येक उडीला ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

तीन, आणि यावर मला खरंच राग आहे. राईडवरून आलं की वॉशिंग सेंटरला जेटचा फवारा. लाल माती हबच्या आणि स्विंगआर्मच्या सीलमधून आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि दोन महिन्यांत बेअरिंग खडखडतं. रेडिएटरच्या पापुद्र्या जेटने वाकतात, मग गाडी तापते आणि बोलणी कंपनीला. बागेच्या पाइपाने, कमी दाबाने, रेडिएटर मागच्या बाजूने पुढे धुवा. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात राहत असाल तर स्पोकच्या निपलवर तेलाचा थेंब द्या, नाहीतर त्या गंजून बसतात आणि स्पोक ताणायला गेलं की तुटतो.

टू_स्ट्रोक_रत्नांग्री
या सगळ्या आरशा-इंडिकेटरवाल्या गाड्या आहेत. धागा डर्टबाइकचा आहे ना? मग कावासाकीच्या केएक्स २५० चं नाव का नाही? वजनाचा एवढा सोस असेल तर तीच घ्या. किंवा यामाहाची जुनी आरएक्स घ्या, सस्पेन्शन बदला, विषय संपला.

पाखाडीवाला
केएक्स ट्रॅकसाठी बनलीय, भाऊ. सस्पेन्शन उड्यांसाठी कडक, म्हणून हळू वेगात दगडांवर टणाटण आपटते. पहिला गिअर लांब, फ्लायव्हील हलकं, त्यामुळे अरुंद वळणात सारखी बंद पडते. मागचं चाक १९ इंची, रानवाटेला १८ इंची बरं, कारण टायरची भिंत उंच मिळते आणि दगडाचा मार रिमपर्यंत जात नाही. तेल तर तासांच्या हिशेबाने बदलायचं. शिवाय तिची नोंदणी होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार विनानोंदणी गाडी सार्वजनिक जागी चालवताच येत नाही, गावच्या रस्त्यावरही नाही. आणि आरएक्सला बाहेरचे फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) बसवून आरसीत फेरफार दाखवला नाही तर कलम ५२ आहेच.

टू_स्ट्रोक_रत्नांग्री
रस्त्यावर न्यायचीच नाही. पिकअपमध्ये घालायची आणि सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर सोडायची. सडा मोकळाच पडलेला आहे. ना झाड, ना शेत, ना माणूस. कुणाचं काय जातं?

सडाफुल
कुणाचं काय जातं ते सांगते, कारण हे वाक्य आता ऐकवत नाही.

सड्यावर माती असते बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. त्या मातीत आणि कातळावरच्या उथळ डबक्यांत जूनमध्ये दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर जवळजवळ कुठेच नाही. मागोमाग सीतेची आसवं, गेंद. नॉबी टायर एकदा फिरला की ती माती उखडते, पुढच्या सरीला वाहून जाते आणि खाली उघडा दगड राहतो. ती पुन्हा साचायला पिढ्या जातात. डबक्याची कड फुटली तर पाणी थांबत नाही, आणि सड्यावर मुरणाऱ्या पाण्यावरच खालच्या वाड्यांचे झरे असतात.

दुसरं, कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, सिंधुदुर्गातलं कुडोपीही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. तुम्ही त्याच्यावर उभे असलात तरी कळणार नाही, कारण रेषा उथळ आणि मातीने भरलेल्या असतात. जांभा मऊ दगड. ब्रेक दाबून मागचं चाक घसरवलं की रेषेची कड तुटते. कुंपण मोजक्याच ठिकाणी आहे, बाकीची उघड्यावर आहेत आणि अजून नवी सापडताहेत. "मोकळा पडलेला" म्हणता त्या सड्यात तुमच्या चाकाखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

टू_स्ट्रोक_रत्नांग्री
ताई, चिरेखाणीवाले रोज सडा कापून ट्रक भरून नेतात. बंगले बांधायला मुरूम टाकून अख्खे सडे सपाट केले. तिथे कुणी तोंड उघडत नाही आणि दोन गाड्या फिरल्या की दीपकाडी आठवते. ताकद आहे त्यांना जाऊन विचारा.

सडाफुल
विचारतो. ग्रामसभेत विचारतो, तहसीलदारांना निवेदनं देतो. खाणीने कापला म्हणून उरलेला तुम्ही उकरा, हा कुठला न्याय? उरलाय थोडा म्हणूनच तर जपायचा. आणि "दोन गाड्या" म्हणू नका. एकाने गोल फिरून व्हिडिओ टाकला की पुढच्या रविवारी जथा येतो.

सह्यघाट
मग बंदीच घाला सरळ! घाटात जंगल खातं अडवतं, किनाऱ्यावर कासवं, सड्यावर फुलं. चालवायची कुठे? कातळाला काही होत नाही, तो लाखो वर्षं पाऊस झेलतोय.

पाखाडीवाला
सह्यघाट, हे चुकीचं बोलताय. पावसाने झिजणं वेगळं आणि साखळीने फिरवलेल्या चाकाने खरवडणं वेगळं. चालवायच्या जागा आहेत. गावांना जोडणाऱ्या जुन्या बैलगाडीच्या वाटा, खाणींकडे जाणारे मुरमाचे रस्ते, मालकाला विचारून बागांमधल्या वाटा. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे, फणसाड असो की कोयना, तिथे परवानगीशिवाय वाट दिसली तरी घुसायचं नाही. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांच्या विणीच्या दिवसांत गाडी नेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

वाडीकार_देवगड
फुला-शिल्पांचा जाव दे, आमचा आयका. सडो मोकळो नाय, सातबाऱ्यार नावां आसत. मार्चात गवात करपान उभा रवता. तुमचो तापलेलो सायलेन्सर त्येका लागलो, नायतर टू-स्ट्रोकची ठिणगी उडाली, काय वणवो सुटलोच. खाली काजी-आंब्याची बाग. ती जळली तर भरपाई कोण देतलो? पिकअप घेवन पळतल्यात तुमी.

मिस्त्री_आळी
वाडीकार बरोबर बोलतायत आणि याची तांत्रिक बाजूही सांगतो. बाहेरचा मोकळा एक्झॉस्ट लावला की आतली जाळी जाते, कार्बनचे तांबडे कण थेट बाहेर पडतात. होळीनंतर पावसापर्यंत कंपनीचाच सायलेन्सर ठेवा किंवा ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर बसवा. बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आणि इंजिनच्या मध्ये सुकं गवत अडकून बसतं, एक्झॉस्टचा पाइप तिथूनच जातो. थांबाल तेव्हा हात घालून ते काढा. आणि गाडी गवतात उभी करू नका, उघड्या कातळावर करा.

टू_स्ट्रोक_रत्नांग्री
आगीचं मान्य. उन्हाळ्यात सड्यावर जाणार नाही. पावसाळ्याचं नंतर बघू.

सडाफुल
पावसाळ्यातच फुलं असतात. तेव्हा तर मुळीच नाही.

सह्यघाट
मूळ विषयावर येतो. पाखाडीवाल्यांचा क्रम मला पटलेला नाही. लांबून येऊन चालवणाऱ्याला हिमालयनच, नाहीतर निदान एंड्युरो आर, हे मी सोडणार नाही. पण तो मुलगा लांज्यातच राहणार आणि वीस-तीस किलोमीटरच्या आत फिरणार असेल, तर हलकी घे. "४०० च्या खाली होतच नाही" हे वाक्य मागे घेतो. एवढंच, याहून जास्त नाही.

नवीन_लांजा
प्रश्न माझाच होता. केएलएक्स बजेटबाहेर आहे. जुनी एक्सपल्स २०० फोर-व्ही बघतोय. काय तपासू?

मिस्त्री_आळी
पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरव. मधोमध खटका लागला तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलंय. फोर्कच्या नळ्यांवर नख फिरव, सीलच्या वर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही. स्पोकवर पान्याने एकेक टकटक कर, एखादा बद्द वाजला तर तो सैल. मागचं चाक धरून आडवं हलव, खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेलेत. बॅश प्लेट वाकलेली असेल तर सोडायला लाव आणि मागची फ्रेम बघ. सीट काढून कनेक्टर उघड, आत हिरवट बुरशी दिसली तर गाडी पुळणीवर फिरलेली आहे, ती घेऊच नकोस. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांग, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.