जयविलासच्या छतावरचे हत्ती आणि गच्चीवरची पाण्याची टाकी

प्रश्न: लष्करवासी

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी हत्ती वर चढवले होते, असे सांगतात. अशा परीक्षेतून नेमके काय सिद्ध होते?

विचारण्यामागे घरचे कारणही आहे. आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवायची आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे, की याच गच्चीवर लग्नात पन्नास माणसांची पंगत बसली होती, तेव्हा टाकीची काळजी कशाला? पन्नास माणसांचे वजन टाकीच्या जवळजवळ तिप्पट भरते हे खरे, तरीही त्यांचे म्हणणे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर: तुळई आणि खांब

आपली शंका रास्त आहे. भार किती आहे याइतकेच तो कुठे पडतो यालाही महत्त्व असते. पंगत साऱ्या गच्चीभर पसरते. टाकी मात्र आपले टनभर वजन जेमतेम एक चौरस मीटर जागेवर टेकवते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात चल भार (माणसे, सामान असा बदलता भार) दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो धरला आहे. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईवर ठरावीक भार सारखा पसरला असता जेवढे बेंडिंग मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवणारा जोर, येते, त्याच्या थेट दुप्पट ते तोच भार मधोमध एका जागी ठेवल्यावर येते. तुळई वाकली की तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते पण ताणाने लवकर तडकते, म्हणून मुख्य सळया खालच्या अंगाला घालतात.

म्हणून टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवू नये. दोन भार घेणाऱ्या भिंतींच्या रेषेवर टेकवलेल्या लोखंडी गर्डरांवर ती बसवावी, म्हणजे वजन गर्डरातून भिंतीत, भिंतीतून पायात आणि पायातून जमिनीत उतरेल. छज्ज्यावर तर ती कदापि ठेवू नये. छज्जा एकाच बाजूने धरलेला असल्यामुळे तिथे ताण वरच्या अंगाला येतो, आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली वरच्या सळया दबून खाली गेल्या असतील, तर वरून धडधाकट दिसणारा छज्जाही ऐन वेळी मान टाकतो.

उत्तर: निवृत्त अभियंता, मुरार

हत्तींच्या परीक्षेला मी कमी लेखणार नाही. पूर्ण वाढलेला हत्ती तीन-चार टनांचा, म्हणजे जवळजवळ एका झुंबराइतकाच असतो. तेव्हा असे अनेक हत्ती एकदम पेलणारे छत एकंदर भारासाठी सक्षम आहे, हा निष्कर्ष योग्यच ठरतो. पण दोन गोष्टी त्यातून कळत नाहीत. हत्ती छतावर उभा राहतो आणि झुंबर छताला लोंबते. साडेतीन टनांचा सारा ताण ज्या कडीतून आणि तिच्या पकडीतून जातो, त्या जागेची कसोटी हत्ती घेऊच शकत नाही. दुसरी गोष्ट काळाची. हत्ती खाली उतरतात, झुंबर मात्र पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले राहते, आणि लाकूड किंवा काँक्रीट सततच्या भाराखाली हळूहळू अधिक वाकत जाते.

आजची पद्धत मला म्हणूनच अधिक भरवशाची वाटते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे संपूर्ण स्थिर भार (बांधकामाचे स्वतःचे कायमचे वजन) आणि सव्वापट चल भार २४ तास ठेवून वाक मोजतात. भार काढल्यावर २४ तासांत त्यापैकी किमान ७५ टक्के वाक भरून आला नाही, तर ७२ तासांनंतर चाचणी पुन्हा घेता येते, आणि तेव्हाही तो ८० टक्क्यांपेक्षा कमी भरून आला तर बांधकाम अमान्य ठरते. नुसते कोसळले नाही, एवढ्यावर ते उत्तीर्ण होत नाही.

भूकंपात वस्तुमानाच्या प्रमाणात आडवे बल येते, आणि ते जितक्या उंचीवर येते तितका उलथवण्याचा जोर वाढतो. म्हणून टाकीचा चौथरा शक्य तितका ठेंगणा ठेवावा आणि टाकी घट्ट बांधावी.

लष्करवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गच्चीच्या मध्याखाली साडेचार इंची विटांची आडभिंत आहे. गर्डर तिच्यावर टेकवता येईल का?

तुळई आणि खांब

नाही. ती भिंत केवळ खोल्या वेगळ्या करण्यासाठी असते आणि बहुधा तिच्याखाली स्वतंत्र पाया नसतो, त्यामुळे तिच्यावरचा भार खालच्या स्लॅबवरच येईल. बाहेरच्या नऊ इंची भिंती पायापासून सलग वर आल्या आहेत का ते पाहावे, आणि गर्डरचे माप स्थानिक स्ट्रक्चरल अभियंत्याकडून प्रत्यक्ष पाहणीनंतरच ठरवून घ्यावे.